स्लॉटर : अर्थ क्रमांक तीन

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण सव्वीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवल्यामुळे कुठलीही गोष्ट मांडता मांडता आपल्या बाजूला झुकवण्याचं कसब माझ्या हाती आलं आहे, आणि अर्ध्या पानात तुम्हालाही माझंच बरोबर वाटू लागेल अशी मला भीती आहे. तर, चूक माझी होती. जानेवारीच्या सत्तावीस तारखेला, सकाळी सातच्या सुमारास, आमच्या वसाहतीच्या फाटकाजवळ लावलेल्या फळ्याला मी लाल खडूने दहापैकी तीन गुण दिले आणि खाली सही केली.

त्या सकाळचं ऊन मला अजून दिसतं. चिकलठाण्याच्या बाजूला थंडीतलं ऊन फार उशिरा आणि फार हळू उतरतं. विमानतळाच्या मोकळ्या रानावरून ते धुक्याचा पातळ पदर सावरत येतं, कारखान्यांच्या पत्र्यांवर क्षणभर थबकतं आणि मग आमच्या दोन इमारतींच्या मधल्या फटीतून नेमकं त्या फळ्यावर पडतं. फळ्यावर दव साचलेलं असे. ओल्या खडूला नुकता चुना दिलेल्या भिंतीसारखा गारसर वास येतो. त्या वासात माझं सगळं आयुष्य गेलं, आणि माझी सगळ्यांत मोठी लाजही त्याच वासात मुरलेली आहे.

फळा साळवेमामांचा. म्हणजे फळा वसाहतीचा, पण त्यावर हात त्यांचाच. मामा इथल्याच एका कारखान्यात मशीनवर होते, निवृत्त झाले आणि बी विंगमध्ये राहायला आले. कारखान्यात त्यांच्या विभागाच्या दाराशी एक फळा असे, आणि पाळी सुरू होण्याआधी त्यावर सुरक्षेची सूचना लिहायची जबाबदारी अठरा वर्षं त्यांच्याकडे होती. ती सवय नोकरी सुटल्यावरही सुटली नाही. वसाहतीच्या फळ्यावर पाणी कधी येणार हे एका कोपऱ्यात सरकवून मामांनी उरलेली जागा ताब्यात घेतली आणि तिथे रोज सकाळी सहा वाजता एक इंग्रजी शब्द लिहायला सुरुवात केली. शब्द, अर्थ आणि वाक्य. वाक्य मात्र मराठी, त्यात तो इंग्रजी शब्द बसवलेला, आणि ते नेहमी आमच्या वसाहतीतून उचललेलं. ‘पेशन्स’ : धीर. वाक्य : टँकर येईपर्यंत पेशन्स ठेवा, बादल्यांनी मारामारी करू नका. ‘सस्पेक्ट’ : संशयित. वाक्य : जिन्यातला बल्ब कुणी नेला, याबाबत दुसऱ्या मजल्यावर एक सस्पेक्ट आहे. दुसऱ्या दिवशी बल्ब आपोआप जागेवर आला होता.

दूध आणायला निघालेली माणसं पिशवी हातात धरून फळ्यापुढे उभी राहत, ओठ हलवत वाचत आणि हसत पुढे जात. मीही वाचायचो. फक्त मी हसायचो ते थोडं वरून. मनातल्या मनात एखादा काना-मात्रा दुरुस्त करायचो, एखादा अर्थ अपुरा ठरवायचो आणि समाधानाने चहाला घरी यायचो. मामा समोर असले की मान हलवून म्हणायचो, “छान!” शिक्षकाच्या ‘छान’मध्ये किती उपकार भरलेले असतात, हे ज्याला ते मिळतं त्यालाच कळतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि महिला मंडळाने पुरुषांना रस्सीखेचीचं आव्हान दिलं. मी पांढऱ्याशुभ्र पायजमा-कुडत्यात होतो. वय त्रेपन्न, वजन सांगत नाही. वजन पाहूनच मला सगळ्यांत मागे उभं केलं आणि दोराचा वेढा माझ्या कमरेला घातला. समोर तसाच वेढा घेऊन उभ्या होत्या साळवेमामी. पदर खोचलेला, चपला बाजूला काढलेल्या, चेहऱ्यावर भाजी निवडतानाची शांतता. त्यांच्या पुढे माझी सौभाग्यवती सुनंदा, जिने लग्नानंतर पहिल्यांदाच मला इतक्या उघडपणे विरोध करायची संधी साधली होती.

“दम लावा गं!” ती ओरडली. “सरांना आज धडा घेऊ दे!”

“आवो सर, पाय रोवा, पाय!” बाजूला उभे असलेले मामा मला सांगत होते.

मी पाय रोवलेही. पण पाण्याची टाकी सकाळपासून वाहत होती, आणि जिथे रोवले तिथे चिखल होता. पुढच्या माणसांनी शहाणपणाने दोर सोडला. माझ्या कमरेला वेढा होता, मला तो सोडता येईना. महिला मंडळाने मला पोटावर पाडून मध्यरेषेपर्यंत, आणि मग उत्साहाच्या भरात मध्यरेषेच्याही पुढे तुळशीच्या कट्ट्यापर्यंत ओढत नेलं. कट्ट्याशी पोचल्यावर सुनंदाने खाली वाकून विचारलं, “लागलं का वो?” आणि उत्तर ऐकायच्या आत ती हसून हसून मामींच्या खांद्यावर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर शब्द होता : ‘स्लॉटर’.

अर्थ एक : खाण्यासाठी जनावर कापणे. वाक्य : जत्रेत बोकडाचं स्लॉटर होतं. अर्थ दोन : निर्दयपणे पुष्कळ माणसं मारणे, कत्तल. वाक्य : लढाईत राजे वाचतात, स्लॉटर शिपायांचं होतं. अर्थ तीन : खेळात धुव्वा उडवणे. वाक्य : काल महिला मंडळाने पुरुष मंडळाचं स्लॉटर केलं, सर पांढऱ्या पायजम्यासह हरले.

आज शांतपणे पाहिलं की वाटतं, केवढा सुरेख लेख होता तो! मारण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची काय कमतरता आहे? पण आपले शब्द मरणाऱ्याची पायरी पाहून वापरले जातात. राक्षसाचा वध होतो, राजाची हत्या होते, शेजाऱ्याचा खून होतो, फौजेची कत्तल होते, आणि डास नुसताच मरतो. खून आणि कत्तल हे तर फारसीच्या वाटेने आलेले पाहुणे, या शहरात इतके रुळले की परीक्षेच्या आदल्या रात्रीला माझे विद्यार्थी बिनदिक्कत ‘कत्ल की रात’ म्हणतात. मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसलो की सुनंदा स्वयंपाकघरातून विचारते, “झाली का सुरू कापाकापी?” आणि मामांनी एकाच इंग्रजी शब्दाच्या दोरात बोकड, शिपाई आणि मी अशा तिघांना ओळीने बांधलं होतं. दुसऱ्या अर्थाखालच्या त्या वाक्यासाठी मी एखाद्या विद्यार्थ्याला उभं करून वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या असत्या.

पण त्या सकाळी मला दुसरं वाक्य दिसलंच नाही. मला फक्त पायजमा दिसला.

माझ्या खिशात खडू असतो. पांढरा एक, लाल एक. विड्याचं पान बाळगणाऱ्या माणसाच्या सहजतेने मी ते बाळगतो. मी तिसऱ्या अर्थावर लाल फुली मारली. समासात लिहिलं, ‘हा अर्थ चूक. शब्दकोश पाहावा.’ खाली तीन लिहिले, त्याखाली रेघ, रेघेखाली दहा. आणि हाताला जी सवय होती ती हाताने पुरी केली : तारीख घालून सही. दूध आणायला आलेल्या चौघांनी ते पाहिलं. कुणीतरी म्हणालं, “सरांनी मामांना नापास केलं राव!” हशा झाला. मी नम्रपणे हसलो. त्या नम्रतेची आठवण झाली की आजही मला पायांची बोटं आत ओढून घ्यावीशी वाटतात.

संध्याकाळी मी शब्दकोश उघडला. खात्री करून घ्यायला नव्हे, आनंद घ्यायला. पहिल्या अर्थाशी बोकड होता, दुसऱ्याशी शिपाई, आणि तिसऱ्या जागी, लहान टायपात, ‘बोलीभाषेत’ अशी सूचना देऊन, अत्यंत सभ्यपणे मी होतो. खेळातला दारुण पराभव. मी दुसरा शब्दकोश काढला. तिथेही मी होतो. तिसऱ्यात तर उदाहरणासकट.

“काय शोधताय एवढं?” सुनंदाने विचारलं.

“काही नाही.”

“सापडलं वाटतं,” ती म्हणाली.

तेव्हाच उठून खाली जायला हवं होतं. अंतर किती? एक जिना, एक अंगण, एक जिना. पण मी शब्दकोश मिटला. सकाळी जाऊन गुपचूप पुसून टाकू असं ठरवलं आणि सकाळी पोचलो तेव्हा फळा आधीच स्वच्छ पुसलेला होता. शब्द नाही, अर्थ नाही, वाक्य नाही. मधोमध, मामांच्या ठसठशीत अक्षरांत, एकच ओळ :

अपघाताविना दिवस : ०

वसाहतीत खळबळ उडाली. कारखान्यांच्या दारावर असा फळा असतो, अपघात झाला की त्यावरचा आकडा शून्यावर येतो, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच आठवड्यात लिफ्ट दोनदा अडकली होती, म्हणून समितीने लिफ्टवाल्याला बोलावलं. त्याने तासभर खटपट करून लिफ्ट उत्तम असल्याचं सांगितलं आणि त्यानंतर ती तिसऱ्यांदा अडकली. कुणी गॅसच्या नळ्या तपासल्या. कुणी टाकीवर झाकण बसवलं. मामांना विचारलं तर ते एवढंच म्हणत, “तपास चालू हाय.”

फळ्यावर एक आला, दोन आला, तीन आला. शब्द येईना. माणसं दुधाची पिशवी घेऊन फळ्यापुढे थांबत, आकडा वाचत आणि न हसता पुढे जात. माझ्या लक्षात आलं की सकाळच्या त्या वेळेला एक आवाज होता, हसण्याचा, आणि तो आता नाही. आठव्या दिवशी सुनंदा पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “अपघात कुठं झाला ते अख्ख्या वसाहतीला कळंना. मला एकटीला ठावं हाय. सांगू का समितीला?”

“कशाला उगाच,” मी म्हणालो.

“उगाच व्हय? तीन मार्क तेवढे सही करून देता येतात तुम्हाला.”

पुढच्या आठवड्यात मी पिशोरला, माझ्या गावी, गेलो. शेत, भाऊ, आई, सगळ्यांना भेटायचं निमित्त होतं. खरं म्हणजे त्या आकड्यापासून दोन दिवस दूर राहायचं होतं. परत येताना हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा घेऊन आलो. हिरव्या हरभऱ्याला आंबूस, खारट वास असतो, हाताला चिकटून राहतो, साबणाने जात नाही. तो भारा काखेत मारून फेब्रुवारीतल्या एका कलत्या दुपारी मी बी विंगचा जिना चढलो. क्षमा मागायची हिंमत नव्हती. हरभरा देऊन भागतं का, ते पाहायचं होतं.

मामा घरी नव्हते. समोर कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, तिच्याशेजारी कण्याच्या जागी चामड्याची पट्टी शिवलेला एक जाडजूड शब्दकोश. मामींनी मला बसवलं, पाणी दिलं आणि भारा पुढ्यात ओढून घाटे सोलायला घेतले.

“मामा लई नाराज आहेत का?” मी विचारलं.

“नाराज काहून व्हतील? गप हायेत.” एक घाटा फुटला. “सर, त्यायचं बोट पाह्यलंत ना?”

मी पाहिलं होतं. मामांच्या उजव्या हाताची तर्जनी अर्धीच आहे. खडू ते अंगठा आणि मधल्या बोटात धरतात. कसं गेलं हे मी कधी विचारलं नव्हतं.

“मशीनचं झाकण तुटेल व्हतं. ह्यांनी दोनदा सांगितलं साहेबाला. तिसऱ्या दिशी बोट गेलं. दवाखान्यात कंपनीवाल्यायनी कागद आणला, इंग्रजीतला. म्हणले, अपघाताचा अहवाल हाय, सही करा. डाव्या हातानं केली सही. मागून कळलं, त्यात लिवलं व्हतं, कामगाराच्या निष्काळजीपणानं झालं.” मामींनी सोललेले दाणे वाटीत टाकले. “मग शहागंजच्या बाजारातून ते बुक आणलं, जुनं. पयला शब्द तोच पाह्यला, निष्काळजीपणाचा. म्हणले, इथून पुढं माह्याबद्दल कोनी काय लिवलं ते मला वाचता आलं पायजे.”

माझी नजर कोनाड्यातल्या त्या शब्दकोशाकडे गेली. शब्दकोश पाहावा, असं मी त्या माणसाला लिहिलं होतं. लाल अक्षरांत, सही करून.

निघताना मामींनी अर्धे दाणे मीठ लावून डब्यात भरून परत दिले. “सुनंदाला द्या,” त्या म्हणाल्या. “आन तिला म्हणावं, पुढल्या वर्साला दोर अजून लांब आणू. कट्ट्याच्या पुढं नेता येतंय का, पाहू.”

दुसऱ्या दिवशी मी साडेपाचलाच फळ्यापाशी जाऊन उभा राहिलो. कुडकुडत होतो. निंबाची पिवळी पडलेली पानं एकेक करून खाली येत होती. फाटकावरच्या दिव्याच्या उजेडात फळ्यावर आदल्या दिवशीचा सोळा हा आकडा दिसत होता. त्याच्याखाली मी पांढऱ्या खडूने लिहायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांना अर्जाचे आणि अहवालाचे नमुने मी वर्षानुवर्षं लिहून देत आलो. हा पहिलाच अहवाल, ज्याचा नमुना माझ्याकडे नव्हता.

अपघाताचा अहवाल. घटना : सत्तावीस जानेवारीला सरांनी बरोबर अर्थावर फुली मारली. जखमी : एक. कारण : राग. उपाय : सरांनी खिशात लाल खडू बाळगू नये.

मागे चपला वाजल्या. मामा कानटोपी घालून, हातात फडकं घेऊन उभे होते. त्यांनी सगळं सावकाश वाचलं, ओळीखालून अर्धं बोट फिरवत.

“कारण बरूबर नाय लिवलं, सर,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“कंपनीत आमाला मागून शिकिवलं व्हतं. कारण सापडलं की थांबायचं नाय. त्या कारणाचं कारण इचारायचं. राग आला, व्हय. राग काहून आला?”

“हरलो म्हणून.” मी ‘राग’ पुसलं आणि ‘हरल्याची लाज’ असं लिहिलं.

“हारले तर समदेच. समद्यायनी नाय फळा लाल केला.”

“पायजम्याचं लिहिलंत म्हणून.”

“दुसऱ्या मजल्याच्या बल्बाचं लिवलं, तवा त्यानं गुपचूप बल्ब लावला. मार्क नाय देले.” मामांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की नाही, सांगता येत नाही. “खरं काय ते लिवा. घाई नाय. टँकर नवाला येतो.”

मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. खडूच्या कडेला दव लागून ती मऊ झाली होती. त्या फुलीकडे मी मनात परत गेलो आणि पहिल्यांदाच तिच्याजवळ थांबलो. फुली मारताना मला तिसरा अर्थ माहीत नव्हता. तो नसणारच अशी मात्र पक्की खात्री होती. ती खात्री शब्दकोशातून आलेली नव्हती. तिचा काही भाग पदव्यांतून आला होता, काही खुर्चीतून, आणि काही पिशोरहून, आमच्या ओसरीवरून. जिथे माझ्या लहानपणी काही माणसं ओसरीच्या खालीच उभी राहून वडिलांशी बोलत आणि कुणाला किती कळतं हे त्यांच्या उभं राहण्याच्या जागेवरून ठरलेलं असे. मी शहरात आलो, इंग्रजी शिकलो, फाटकावर सगळ्यांची नावं एकाच पाटीवर लिहिलेल्या वसाहतीत घर घेतलं, आणि ती पायरी मात्र सामानाबरोबर, न उघडलेल्या पेटीत, तशीच घेऊन आलो.

मी ‘हरल्याची लाज’ पुसलं आणि लिहिलं :

कारण : मला माहीत नसलेलं मामांना माहीत असेल, हे मला खपलं नाही.

ऊन अजून यायचं होतं. मामांनी ती ओळ वाचली. एकदा, मग पुन्हा. फडकं त्यांनी खांद्यावर टाकलं.

“आता सही करा,” ते हळू म्हणाले. “त्या दिशी केली व्हती तशी. तारीख घालून.”

मी सही केली. उत्तरपत्रिकांवर, दाखल्यांवर, हजारदा केलेली ती सही त्या सकाळी माझ्या हातून वाकडी आली, जणू मी ती डाव्या हाताने करत होतो. मी वळलो तेव्हा मामांनी हात पुढे केला होता. तो हात खडू मागत होता की माझा हात, ते मला कळलं नाही. म्हणून मी खडूसकट माझा हात त्यात ठेवला, आणि सतरा दिवस घशात अडकलेलं वाक्य, साध्या मराठीत, कुठलाही शब्दकोश न पाहता, म्हणालो :

“मामा, माझं चुकलं. मला माफ करा.”